रविवार कुणाचा?



चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असे काहीतरी भारदस्त आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, "एका जुन्या मित्राबरोबर न ठरवता केलेला प्रवास." चालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे प्रवासवर्णन?" आम्ही म्हटले, "तसे म्हणा." त्या वेळी ते थोडे हिरमुसले होते. त्यांची समजूत आज पटेल अशी आशा आहे. कारण फिरून फिरून आम्ही त्यांच्याच विषयावर येणार आहोत.

आधीच सांगून टाकतो, की या प्रवासात हिमालय नाही, तीर्थक्षेत्र नाही, परदेश तर नाहीच. कांदिवलीहून निघालो, तलासरी तालुक्यातल्या झरी नावाच्या गावी जाऊन रात्री परत आलो. अडीचशे किलोमीटरांच्या आसपास रस्ता आणि एक रविवार, एवढाच हिशेब. दुसरी गोष्ट, आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते थोडे वाचनालयात, थोडे औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि बरेचसे कारखान्याच्या फाटकापाशी. आणि आमच्या तोंडी सारखे 'आम्ही' येते, तो मोठेपणा समजू नका. तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या वतीने बोलून बोलून 'मी' म्हणण्याची सवयच मोडली आहे. ही सवय काही सर्वस्वी चांगली नाही, हेही आजच्या गोष्टीतून निघेल.

ज्याच्याबरोबर हा प्रवास झाला, त्याचे नाव आम्ही येथे घेणार नाही. आपण त्याला नुसते 'गडी' म्हणू. लहानपणी हनुमाननगरच्या वस्तीत आट्यापाट्या खेळताना तो नेहमी आमच्या बाजूचा गडी असे, म्हणून तेच नाव पडले. पुढे १९८९ साली कांदिवलीतल्याच एका कारखान्यात आम्ही दोघे बरोबरच लागलो. तो लेथवर, आम्ही ड्रिलिंगवर. एकाच डब्यातली भाकरी खाल्ली, एकाच पावतीपुस्तकावर वर्गणी गोळा केली. पहिली टाळेबंदी झाली तेव्हा फाटकासमोरच्या मांडवात तीन महिने शेजारी शेजारी झोपलो.

मग २००१ साल उजाडले. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना लावली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात हा शब्द येऊन गेला असेल. त्यातली स्वेच्छा किती आणि कुणाची, हे ज्याचे त्याला ठाऊक. युनियनचा निर्णय होता, एकानेही अर्ज भरायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात गड्याने अर्ज भरला. त्या दिवशीच्या फाटकसभेत आम्ही त्याचे नाव घेऊन त्याला फुटीर म्हटले. तो समोरच्या टपरीजवळ उभा होता. त्याने ऐकले आणि निघून गेला. त्यानंतर चोवीस वर्षे लग्नकार्यात, मयतीत, बाजारात गाठी पडल्या. पण मानेला मान हलण्यापलीकडे बोलणे झाले नाही.

आता प्रवासाकडे येऊ. गेल्या डिसेंबरातला एक रविवार. सकाळी साडेसहाला आम्ही आकुर्ली मेट्रो स्टेशनखाली, हमरस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत होतो. भाईंदरला दहा वाजता एक बैठक होती, आणि त्याआधी दोन-तीन घरी जायचे होते. एक पिवळ्या पाटीची पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. काच खाली झाली.

"काय रे पुढारी, कुठं?"

"भाईंदर. मिटिंग आहे."

"बस."

आम्ही मागचे दार उघडायला गेलो. तो म्हणाला, "मागं भाडं बसतं. पुढं ये."

पुढे बसलो. दहिसरचा नाका येईपर्यंत कुणी बोलले नाही. त्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही. गाडी सरळ निघाली. तेव्हा तो म्हणाला, "समज आज मिटिंग नसती, तर कुठं गेला असतास?"

असा प्रश्न आम्हांला कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तोंडातून आपोआप बाहेर पडले. "झरीला."

"हे कुठं आलं?"

"तलासरीच्या बाजूला. तीस वर्षं अभ्यासवर्गात त्या गावाबद्दल सांगतोय. पाहिलं नाही कधी."

त्याने गाडी बाजूला घेतली. समोर लावलेला फोन काढला, त्यावर ज्या अॅपवरून भाडी येतात ते बंद केले, आणि फोन खणात टाकला. "चल," म्हणाला.

आता बैठकीचे काय? आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्याला फोन लावला. दहा सबबी तयार ठेवल्या होत्या. एकीचीही गरज लागली नाही. तो म्हणाला, "दादा, तुम्ही निवांत जा. तुम्ही नसलात तर मिटिंग अकराला संपेल." इतकी वर्षे आमच्यावाचून चळवळ अडते अशी आमची समजूत होती, ती घोडबंदरच्या अलीकडेच निकालात निघाली.

वसईची खाडी ओलांडली. चिंचोटी, सातिवली, विरार फाटा गेला. हा रस्ता आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पूर्वीचा आठ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा अठ्ठेचाळीस. मुंबईत जे येते आणि मुंबईतून जे जाते त्याचा मोठा वाटा याच रस्त्याने चालतो. खानिवड्याचा टोलनाका गेल्यावर कडेला ट्रकांची रांग उभी दिसली. केबिनच्या पायरीवर एक चालक दात घासत होता. दुसरा गाडीखाली, सावलीत, चादर अंथरून झोपला होता. गडी म्हणाला, "ह्यांचा रविवार बघ."

मनोरला चहाला थांबलो. तेथे आम्ही सहज विचारले, "आजचं तुझं नुकसान किती?" त्याने बोटांवर हिशेब मांडला. गाडीचा हप्ता, सीएनजी, विमा, अॅपवाल्या कंपनीचा वाटा, हे सगळे जाऊन जे उरते ते. तो पुढे म्हणाला, "आणि रविवारीच खरा धंदा. लोकांना सुट्टी, म्हणून लोक फिरतात. लोक फिरतात, म्हणून मला सुट्टी नाही. शेवटची पूर्ण रजा कधी घेतली आठवत नाही. आजारी पडलो ते सोडून."

बंधुभगिनींनो, आता आम्हांला थोडे इतिहासात शिरू द्या. कारण मनोरच्या त्या बाकावर आम्हीही शिरलो.

आपल्याला रविवारची सुट्टी सूर्योदयाइतकी नैसर्गिक वाटते. जणू ती पंचांगातच लिहिली आहे. पण मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. सण आला किंवा यंत्र बंद पडले तर काम थांबे, एरवी सकाळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. ती सुट्टी ज्याने मिळवली त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यात जन्मलेला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका गिरणीत भांडारपालाचे काम केले. कामगार कसा जगतो ते त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सुपारीबागेत त्याने कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्यात रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि अपघात झाला तर भरपाई. बस, एवढेच. आज वाचताना मागण्यांपेक्षा त्यांतला नम्रपणाच जास्त टोचतो.

त्यानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या, हे विसरू नका. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे पुढे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले. २००५ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. टपाल खात्यातल्या जुन्या नोकराला हे बरे दिसले.

हे सगळे आम्ही गड्याला सांगितले. अभ्यासवर्गात सांगतो तसेच, हातवारे करून. त्याने शांतपणे ऐकले, बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "म्हणजे एकशेपस्तीस वर्षं झाली. मग ती सुट्टी माझ्यापर्यंत पोचली कशी नाही?"

अभ्यासवर्गात असे प्रश्न कुणी विचारत नाही. तेथे लोक वहीत लिहून घेतात.

आम्ही त्याला तासांचा हिशेब सांगू लागलो, आणि सांगता सांगता आमचीच मान खाली जाऊ लागली. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाला दिवसाला जास्तीत जास्त बारा तास ठरवून दिले. १९२२ साली आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली, १९३४ साली चोपन्न तासांची. डॉक्टर आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची दुरुस्ती तयार झाली आणि १९४६ साली ती कायद्यात आली. बारा तासांपासून आठ तासांपर्यंत यायला पस्तीस वर्षे लागली. त्यासाठी किती संप झाले, किती माणसे घरी बसली, त्याची मोजदाद आम्ही येथे करीत नाही.

आता गड्याचे बघा. मोटार चालवणाऱ्यांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला होता. दिवसाला आठ तास, आठवड्यातून एक दिवस विश्रांती, आणि पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्धा तास विसावा. पण तो लागू असे ज्या धंद्यात पाच किंवा अधिक कामगार नोकरीला असतील तेथे. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत अॅपवरच्या कामगाराचे नाव प्रथमच आले, त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असेही आले. हे चांगलेच झाले. पण आठवड्याची सुट्टी? ती त्याला नाही; कारण तो नोकर नाही, कागदोपत्री 'भागीदार' आहे. तासांची मर्यादा तेवढी केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितली होती. किती तास? दिवसाला बारा. म्हणजे १९११ साली गिरणीतल्या माणसाला जे दिले तेच, शंभर वर्षे उलटल्यावर, गड्याला मिळाले.

आणि आम्ही काय करीत होतो? आम्ही आठ तासांवर भाषणे देत होतो. फाटकाच्या आतल्या माणसाचे तास मोजत होतो. दरम्यान फाटके एकेक करून बंद होत होती, तेथे टॉवर उभे राहत होते, आणि आतली माणसे बाहेर पडून रिक्षांवर, टॅक्सींवर, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसत होती. ज्यांनी अर्ज भरला ते आमच्या रजिस्टरातून गेले. जणू रजिस्टरातून गेला तो कामगारच राहिला नाही.

चारोटीच्या अलीकडे गाडीत पुन्हा शांतता पसरली. मग सूर्या नदीचा पूल आला, आणि त्या पुलावर आम्ही चोवीस वर्षे न विचारलेला प्रश्न विचारला. "गड्या, अर्ज का भरलास?"

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "आईचं ऑपरेशन होतं. पैसा उभा राहत नव्हता. तुझ्याकडं आलो होतो."

"कधी?"

"तीन संध्याकाळी आलो. सोमवार, मंगळवार, गुरुवार. तुझी मिटिंग, तुझी मिटिंग, तुझी मिटिंग. वहिनींनी चहा दिला. त्या म्हणाल्या, सांगते त्यांना. चौथ्या दिवशी अर्ज भरला."

बंधुभगिनींनो, मंडळीने आम्हांला तसे सांगितले होते. ते आम्हांला पुलावर आठवले. "गडी येऊन गेला, चेहरा बरा नव्हता," असे तिने सांगितले होते आणि आम्ही म्हटले होते, "बघतो." आम्ही ते पाहिले नाही. माणसामाणसाला भेटून त्याचे मन वळवायचे, एकही अर्ज जाऊ द्यायचा नाही, याच कामासाठी आम्ही त्या संध्याकाळी वस्त्यांतून फिरत होतो; आणि ज्याला खरोखर भेटायचे होते तो आमच्या दाराशी तीन वेळा बसून गेला. आमच्याकडे त्याच्यासाठी एक मोकळी संध्याकाळ नव्हती. निधीतून पैसे उभे राहिले असते की नसते, ते आज सांगता येत नाही. पण तो फुटला नव्हता. आम्ही घरी नव्हतो.

आम्ही म्हणालो, "चुकलो." तो म्हणाला, "आता त्याचं काय." काही वेळाने म्हणाला, "आई त्यानंतर नऊ वर्षं होती." याहून जास्त त्या विषयावर बोलणे झाले नाही, आणि झाले असते तर ते तुम्हांला सांगितले नसते.

तलासरी आले. थंडीचे दिवस. रस्त्याकडेला उकडहंडीची मडकी लागली होती. वालाच्या शेंगा, कंद, रताळी पाल्यात दडपून मडके उपडे घालून भाजतात, ती. पोटभर खाल्ले आणि विचारत विचारत आत झरीला गेलो.

तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. घरे आहेत, ताडाची झाडे आहेत, कापणी होऊन गेलेली भातखाचरे आहेत, सुकल्या गवताचे भारे आहेत. पण २३ मे १९४५ रोजी या गावी सुमारे पाच हजार वारली जमले होते. तेव्हा हा मुलूख जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी येथे आले होते. गोदावरीबाई शिकलेल्या, वकिलीची परीक्षा दिलेल्या, सुखवस्तू घरच्या. त्या या लोकांच्या झोपड्यांतून राहिल्या. त्यांनी पुढे लिहिलेले 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे.

वारल्यांची अवस्था कशी होती? जमीन गेलेली. जमीनदाराच्या शेतावर वेठ. म्हणजे बोलावणे आले की जायचे, मजुरी मागायची नाही. आणि जो लग्नासाठी पैसे उचली तो त्या कर्जापोटी नवराबायकोसह धन्याच्या घरी राबे, कधी कधी जन्मभर. अशा माणसाला म्हणत 'लग्नगडी'.

हा शब्द आम्ही उच्चारला तेव्हा गडी थबकला. "काय म्हणालास?" आम्ही पुन्हा सांगितले. तो हसला, पण चांगले हसला नाही. "खेळातला गडी वेगळा आणि हा गडी वेगळा," म्हणाला. मग म्हणाला, "माझं पण लग्नाचंच कर्ज आहे. पोरीच्या. ते फेडायला गाडी घेतली, आता गाडीचं फेडतोय."

तुलना फार ताणू नये, हे आम्हांला समजते. वेठीला चाबूक होता, हप्त्याला नाही. वारल्याला पळून जायला वाट नव्हती; गड्याने त्या दिवशी अॅप बंद केले आणि आमच्याबरोबर निघाला. फरक मोठा आहे, आणि तो फरक माणसांनी लढून केलेला आहे. झरीच्या त्या सभेत लोकांनी ठरवले की वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात पाय टाकायचा नाही. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात त्यांनी मागणी केली, पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. हे गवत जात होते कुठे? मुंबईला, तबेल्यांतल्या जनावरांना. म्हणजे मुंबईच्या चहातल्या दुधाला वारल्याच्या फुकट घामाचा वास होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. त्यांत जेठ्या गांगड होता. लढा मात्र थांबला नाही, आणि वेठ गेली. आज तलासरीत परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. वेठ करणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे तेथे पदवी घेतात.

गावातून परतताना मोटारसायकलवर चार पोरे भेटली. कापडी पिशवीत डबे होते. रात्रपाळी करून, झोप काढून, पुन्हा निघाली होती. सरहद्द जवळच आहे. उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत या भागातली पुष्कळ पोरे ठेकेदाराकडे कामाला जातात. आम्ही सवयीने विचारले, "आठवड्याची सुट्टी कधी असते?" एक जण म्हणाला, "घेतली तर असते. हजेरी जाते." म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. घेतली तर असते! सुट्टीची एवढी नेमकी व्याख्या आम्ही कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात वाचलेली नाही. गड्याने आमच्याकडे पाहिले. त्याला काही बोलायची गरज नव्हती. तो आणि ती पोरे एकाच भाषेत बोलत होती. तेथे परका असलाच तर आम्ही होतो.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. सीएनजीच्या रांगेत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात आट्यापाट्यांचे सगळे जुने भिडू आठवून झाले. कोण कुठे आहे, कोण गेले, कोण गावी परतले. विरार फाट्यापाशी त्याने खणातून फोन काढला आणि अॅप चालू केले. थोड्या वेळाने टुणकन आवाज झाला. तो म्हणाला, "दहिसरचं भाडं आहे. अंधेरीपर्यंत. घेऊ?"

आमच्या मनात आले की म्हणावे, आजचा दिवस तरी राहू दे. पण पाच तारखेचा हप्ता आम्ही भरणार नव्हतो. "घे," म्हणालो. दहिसरला उतरलो. तो म्हणाला, "पुढारी, परत केव्हा?" आम्ही म्हटले, "तू सांग. तुझी सुट्टी महागाची आहे." तो गेला आणि आम्ही उरलेला रस्ता मेट्रोने केला.

तेव्हापासून आमचे एवढे ठरले आहे, की महिन्यातला एक रविवार दोघांचा. त्या दिवशी आम्ही बैठक लावत नाही आणि तो अॅप उघडत नाही. त्याचे नुकसान कसे भरून काढायचे यावर भांडण चालू आहे. तो पैसे घेत नाही, आम्ही सीएनजी भरतो. पाच महिन्यांत तीनदा जमले, दोनदा नाही. आणखी एक झाले. आकुर्लीच्या पुलाखाली पंधरा-वीस चालक पहाटे चहाला जमतात. आता आम्ही तेथे जातो. भाषण करीत नाही. ऐकतो. त्यांची पहिली मागणी कोणती असेल, असे तुम्हांला वाटते? भाडे वाढवा? तीही आहे. पण पहिली अशी, की आठवड्यातून एक दिवस असा असावा की त्या दिवशी फोन बंद ठेवला म्हणून दुसऱ्या दिवशी भाडी कमी येऊ नयेत. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जासारखीच नम्र मागणी आहे. तिला किती वर्षे लागतील, ते आम्हांला सांगता येत नाही.

आम्हांला आज एवढेच सांगायचे होते. मैत्रीला वेळ लागतो. आईच्या आजाराबद्दल मित्राला सांगायला वेळ लागतो, ऐकणाऱ्यालाही लागतो. 'चल' म्हणून उठून निघायला तर सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण तो वेळ मुळात आपला असावा लागतो. तो वेळ कुणी दान दिलेला नाही. परळच्या बागेत, महालक्ष्मीच्या मैदानात, झरीच्या माळावर माणसे जमली म्हणून तो मिळाला. आणि जो मिळाला तो सगळ्यांना मिळाला, या समजुतीत राहिलो तर तो हळूहळू थोड्यांचाच होऊन बसतो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे हा प्रश्न एकट्या गड्याचा राहिलेला नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या व्याख्यानमालेला दीडशे वर्षे झाली, आणि तिच्या वाटेने गावोगाव अशा माला चालू आहेत. आपण आज संध्याकाळी येथे बसला आहात, तास-दीड तास आमचे ऐकून घेतलेत. ही सवड हीसुद्धा कुणाच्या तरी लढ्याची कमाई आहे. गड्याला आम्ही आजचे आमंत्रण दिले होते. तो म्हणाला, "संध्याकाळची वेळ गर्दीची. बघतो." आम्ही मघापासून मागच्या रांगांकडे पाहत आहोत, तो आलेला दिसत नाही. कुठल्यातरी सिग्नलपाशी असेल.

व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी काही जण फोनवरून गाडी बोलावतील. बोलवा, त्यात गैर काही नाही. त्याचे पोट त्यावर आहे. फक्त बसल्यावर चालकाला एक प्रश्न विचारा: "आठवड्याची सुट्टी कधी असते हो?" आणि तो जे सांगेल ते घरी गेल्यावर विसरू नका. आम्ही एकदा विसरलो होतो.